हद्दीचा म्हसोबा

सरकारला माहिती हवी असली की सरकार माणूस पाठवतं, आणि तो माणूस मुक्कामाला आला की गावातल्या कोंबड्या कमी होतात. साल पस्तीसच्या दिवाळीनंतर आनंदराव कारकून असेच तट्टावर बसून खडकवाडीत उतरले. संस्थानाला आपल्या तालुक्याचं एक पुस्तक करायचं होतं. तालुक्यात गावं किती, वाड्या किती, घरं, विहिरी, बैल, देवळं, आंब्याची झाडं किती, नद्या कुठून येतात आणि कुठं जातात, असं सगळं त्यात यायचं होतं. वाडीच्या लोकांना हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून त्यांना पुस्तकाची गरज कधी पडली नव्हती.

मुक्काम गेनबाच्या घरी पडला, कारण अकरा घरांत धड ओसरी तेवढीच होती. घरात माणसं चार. गेनबा पासष्टीच्या पुढचा, पाठीत वाकलेला. त्याची बायको धोंडाबाई. मुलगा चिमाजी, अंगानं दणकट आणि डोक्यानं तापट. आणि सून ठकुबाई, जी बोलायची कमी आणि करायची जास्त. आनंदराव ओसरीवर घोंगडीवर बसले, मांडीवर फळी घेतली, तिच्यावर कागद पसरला.

"विहीर?"

"न्हाई. नदी हाय की," गेनबा म्हणाला.

"नदी विहिरीच्या रकान्यात बसत नाही."

"बसंल कशापायी, रावसाहेब? ती वाहती."

आनंदराव हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून रक्त येत होतं. धोंडाबाईनं कोकमाचं तेल कढवून आणून दिलं, तर तिला त्यांनी दोनदा 'आई' म्हटलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मला त्या माणसाचा राग येणार आहे.

"जमीन?"

"वर माळाला नाचणीची खाचरं. आन खाली मळई."

हे म्हणताना गेनबानं नदीकडं बोट केलं आणि त्याचा चेहरा खुलला. मळई म्हणजे नदीनं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. वरची नाचणी कशीबशी शिमग्यापर्यंत पुरायची. तिथून पुढं नवी नाचणी येईपर्यंत हे घर जगायचं ते मळईतल्या गव्हावर आणि हरभऱ्यावर. गेनबाच्या आज्यापासून हे असंच चाललेलं होतं. नदीच्या पलीकडं खालसा, म्हणजे इंग्रजाचा मुलूख, आणि अलीकडं संस्थान. मळई अलीकडं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या श्रावणात नदी पिसाळली. मोठा पूर आला आणि ओसरताना नदीनं मळईच्या अलीकडूनही एक वाट काढली. आता ती दोन अंगांनी वाहत होती आणि मळई मधोमध बेटासारखी पडली होती. अलीकडची धार गुडघाभर होती. बैल सहज पार जायचे. उलट पुरानं मळईवर वीतभर नवा गाळ टाकला होता, काळा आणि मऊ. चिमाजी रोज सकाळी उतरून मूठभर माती दाबून बघायचा. माती हाताला चिकटायची. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला अजून दोन-तीन दिवस होते. ठकुबाईनं कणगीत राखेत घालून ठेवलेलं गव्हाचं बी काढून उन्हात दिलं होतं, आणि नांगराला नवा फाळ बसवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी नकाशा उलगडला. मेणकापडावरचा जुना नकाशा, घड्यांवर फाटलेला.

"इथं नदीकाठी हद्दीचा दगड आहे. सदतीस नंबरचा. तो दाखवा."

कुणालाच ठाऊक नव्हता. कोंडिबा पाटील आले होते, त्यांनाही नव्हता. मग मोजणीची साखळी निघाली. चिमाजीनं एक टोक धरलं आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. ठकुबाई कोयत्यानं निवडुंग तोडत पुढं गेली. दुपारपर्यंत ते नकाशात दाखवलेल्या जागी, मळईच्या पार पलीकडच्या टोकाला पोचले. तिथं गाळानं भरलेला एक खड्डा होता. दगड नव्हता.

परत येताना आनंदराव दमून घराखालच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत टेकले. शेजारी वाडीचा म्हसोबा होता. शेंदराची पुटं चढून चढून चकाकणारा, गुडघ्याच्या उंचीचा. आनंदराव पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि ते देवाकडं बघत राहिले.

"पाटील, चारी बाजूंनी तासलेला म्हसोबा पाहिलाय का कधी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी खिशातून पेन्सिलीला टोक काढायचा चाकू काढला.

"रावसाहेब, देवाला नख लावू नगा!" गेनबा ओरडला आणि मधे पडला. पण शेंदराचं बोटभर जाडीचं खापर तोवर सुटून खाली पडलं होतं. आत काळा दगड होता आणि दगडावर छिन्नीनं कोरलेलं होतं: ३७.

गोष्ट अशी होती. गेनबाच्या आज्यानं नदीकाठी एकटा उभा दगड बघितला. आपल्याकडं उभा दगड, तोही एकटा आणि पाण्याकाठी, म्हणजे देव. दुसरं काय असणार? त्यानं शेंदूर लावला, नारळ फोडला. बापानं लावला, गेनबानं लावला. आकड्यावर तीन पिढ्यांचा शेंदूर बसला. श्रावणात पाणी चढायला लागलं, तेव्हा सगळी वाडी गुरं सोडवत होती आणि गेनबा कमरेएवढ्या पाण्यात शिरून म्हसोबाच्या बुडाची माती कुदळीनं उकरत होता. दगड त्यानं दोरानं पाठीला बांधला. तो घेऊन वर बांधावर आला तेव्हा त्याच्या खांद्यांवरची साल गेली होती, आणि पाठ वाकली ती तेव्हापासूनच. वाडीनं त्याच्या पाया पडून घेतलं. कोंडिबा पाटलांनी स्वतःचा नारळ दिला.

"नकाशापेक्षा दगड खरा. दगड इथं," आनंदराव नकाशावर बोट ठेवून सावकाश म्हणाले, "म्हणजे हद्द इथं. मळई हद्दीच्या बाहेर."

"आवं, पर त्यो दगूड..." चिमाजीनं तोंड उघडलं, तोच पाटलांनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की रक्त यावं. त्याला त्यांनी बाभळीच्या मागं नेलं.

"गप ऱ्हा. हद्दीचा दगूड हलवणं म्हंजी तुरुंग. सक्तमजुरी. तुझा म्हातारा खडी फोडत मरंल."

"मग मळई जाऊ देऊ व्हय?"

"कचेरीत जा. नकाशा दाखवा म्हन. दगडाचं नाव काढू नगंस."

आनंदरावांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: वरून हुकूम येईपर्यंत सदर जमिनीत कोणीही नांगर घालू नये, घातल्यास बैल जप्त होतील. मग ते पुढच्या वाडीला गेले. आठ दिवसांनी याच वाटेनं परतणार होते.

चिमाजी दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून कचेरीला निघाला. कामथडीच्या सडकेवर एक मोटार त्याच्या अंगावर धुरळा उडवून गेली. तेवढीच त्याला त्या प्रवासात कुणी दिलेली वस्तू. कचेरीच्या आवारात लिंबाखाली तो सकाळपासून बसला. दुपारी शिपाई आला आणि म्हणाला, "रिकामाच बसलायस, तर तेवढं बंबाचं लाकूड फोड." त्यानं फोडलं. ओंडका बाभळीचा, वाळून लोखंड झालेला, आणि कुऱ्हाड बोथट. संध्याकाळी विचारलं तर आतून निरोप आला, आज वेळ नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं. मग एकदाची गाठ पडली.

"आनंदरावांचा कागद आला का?" आतल्या साहेबांनी विचारलं.

"ते अजून वाड्या फिरत्यात जी."

"मग कागद आल्यावर ये."

"तवर वाफसा जाईल, साहेब. नकाशात मळई आपल्यातच हाय. येवडा नकाशा बगा."

"नकाशा आनंदरावांकडे आहे."

चिमाजीच्या तळहाताला फोड आले होते. ते फुटून कुऱ्हाडीच्या दांड्यावर पाणी लागलं होतं. त्याला वाटलं, ती कुऱ्हाड आत आणावी. पण त्यानं ती भिंतीला नीट टेकवली आणि शिपायाला रामराम घातला. असा राग गिळायची सवय झाली की माणूस घरी जाऊन बैलाला मारतो.

तो घरी गेला नाही. कुणीतरी सांगितलं, जमीन हद्दीबाहेर असेल तर खालसातल्या कचेरीत विचार. म्हणून तो नदी उतरून पलीकडं गेला. तिथल्या अंमलदारानं चोपडी चाळली.

"ही जमीन आमच्या चोपडीत नाही. तू संस्थानचा माणूस ना? मग इकडं कशाला?"

"तिकडं म्हंत्यात, जमीन त्यांची न्हाई."

"आमचीही नाही."

"मग कुणाची, साहेब?"

"ते मी कसं सांगू? आणि पायताणं बाहेर काढून ये. सारवलेली जागा आहे."

पायताणं बाहेरच होती. त्याच्या पायांनाच पायताणासारखी माती बसली होती. सांगायला तोंड उघडलं, तर अंमलदार दुसऱ्याशी बोलायला लागला होता.

चौथ्या दिवशी दिवस कलायला तो घरी आला. ठकुबाई अंगणातच उभी होती. तिनं हातातलं मातीचं ढेकूळ पुढं केलं. "दाबून बगा."

त्यानं दाबलं. गोळा झाला, पण कडेनं भेगा पडल्या. वाफसा आला होता आणि आता निघाला होता. पेरायचं ते तीन-चार दिवसांत.

"काय म्हनाले?" धोंडाबाईनं विचारलं.

"लाकडं फोडून घेतली," चिमाजी म्हणाला आणि तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मग बापाकडं वळला. "आबा, दगूड हुता तितं नेऊन ठिवू. म्या नेतो पाठीवर. साखळी घिऊन पुन्हा मोजू दे."

"द्येव हाय त्यो. कौल घेतल्याबगर हलवायचा न्हाई."

"तुमी आणला तवा घेतला व्हता का कौल?"

"तवा येळ कुठं हुता? पाणी कमरंला आलं हुतं," गेनबा म्हणाला. त्याच्या मनात काहीतरी बोचायला लागलं होतं ते दिसत होतं. देवाला न विचारता उचलला, म्हणून देव रुसला, आणि रुसला म्हणून हे सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बांधावर गेलं. कोंडिबा पाटीलही आले. गेनबानं अंघोळ केली होती. चाकूनं उघडा पडलेला आकडा त्यानं नवा शेंदूर लावून झाकला, त्याला नागवा देव बघवत नव्हता. मग दगड ओला करून डाव्या-उजव्या अंगाला झेंडूच्या दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायला तयार, डावी पडली तर नाही.

"बाबा म्हसोबा, चुकलं आमचं. तुज्या जाग्याला यायचं असंल तर उजवी दे."

सगळे बघत राहिले. वारा नव्हता. बाभळीवर एक भोरडी बोलत होती. डावी कळी घसरली आणि पायाशी पडली.

"पुन्हा लावा," धोंडाबाई म्हणाली.

पुन्हा डावी. तिसऱ्यांदा चिमाजीनं स्वतःच्या हातानं कळ्या लावल्या, उजवी अगदी निसटती ठेवून. ते सगळ्यांनी पाहिलं. उजवी राहिली, डावी पडली.

"सरकार न्हाई म्हनतंय, द्येव न्हाई म्हनतोय," चिमाजी म्हणाला. "मानसानं जावं कुठं?" त्यानं कळी पायाखाली रगडली आणि वर निघून गेला. धोंडाबाई तोंडात पदर घालून रडायला लागली. तिला कळीचं भय वाटलं की मुलाचं, कोण जाणे.

असे दोन दिवस गेले. मळईचा रंग काळ्याचा राखी होत चालला. बारीक भेगा पडल्या. बैल दावणीला उभे राहून माजले आणि एकमेकांना शिंगं लावायला लागले. ठकुबाई सकाळ-संध्याकाळ धार उतरून जायची, ढेकूळ आणायची आणि ओसरीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायची. कुणाला दाखवायची नाही, सांगायची नाही. येता-जाता दिसायचंच.

आठव्या दिवशी आनंदराव परत आले. टाचा बऱ्या झाल्या होत्या. धोंडाबाईच्या तेलाचं त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि पाटलांना बोलावून वाडीचा तक्ता पुरा करायला बसले. तेवढ्यात गेनबा आतून आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं. लग्नाला निघाल्यासारखा. खांद्यावर घोंगडी आणि हातात भाकरीचं गाठोडं होतं.

"रावसाहेब, ल्ह्या. दगूड म्या हलवला. श्रावणात, पुराच्या दिशी. मळईच्या पल्याडनं हितं आणला. मळई संस्थानातलीच हाय. आता मला न्या."

पाटील आढ्याकडं बघायला लागले. चिमाजी गोठ्यातून धावत आला.

"त्येंचं ऐकू नगा! म्या आणला दगूड. माजं नाव ल्ह्या. म्या तरणा हाय, फोडीन खडी."

"तुजा काय संबंद? पाठ कुणाची वाकलीया?" म्हातारा मुलावर खेकसला. "रावसाहेब, माजी पाठ बगा."

त्यानं खरंच सदरा वर केला. खांद्यांवर दोराचे दोन काळे वळ होते.

आनंदरावांनी टाक खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

"गेनबा, तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत."

"पर मळई?"

"तिचा कागद मी परवाच वर पाठवला. पुढच्या साली मोजणीवाले येतील. दगड जिथं आहे त्यावरून ठरवतील."

"दगूड खोटं बोलतुया, रावसाहेब! म्या खरं बोलतोय!"

"दगडाला सक्तमजुरी होत नाही, गेनबा. तुम्हाला होईल. जा, ते गाठोडं आत ठेवा."

"ल्ह्या वं," म्हातारा हात जोडून म्हणाला. "आट दिस लागलं मला हे बोलाया."

त्यांनी लिहिलं नाही. उलट गेनबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाडीचं पान वाचून दाखवलं, म्हणजे म्हाताऱ्याला बरं वाटेल. खडकवाडी. घरं अकरा. विहीर नाही. बैल चौदा. देवस्थान एक, म्हसोबा, संस्थानच्या हद्दीवर. "बघा, तुमचा देव पुस्तकात आला," असं म्हणून ते तट्टावर बसले. आपण एका म्हाताऱ्याला वाचवलं, हे समाधान त्यांना घरापर्यंत पुरलं असेल. मला त्या माणसाच्या चांगुलपणाचा फार राग येतो. हलकट असता तर त्यानं लिहून तरी घेतलं असतं.

गेनबा गाठोडं घेऊन तसाच ओसरीवर बसून राहिला. समोर ठकुबाईनं मांडलेली ढेकळं होती. शेवटचं त्यानं उचलून दाबलं, तर त्याचा भुगा झाला.

ठकुबाई दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं विचारलं, "मामंजी, बी ठिवू का दळू?"

धोंडाबाईनं तोंड फिरवलं. पुराच्या पावसानं वरच्या खाचरांतली निम्मी नाचणी नेली होती. कणगीत काय उरलंय ते बायकांना ठाऊक होतं.

"कुठं पेरायचं त्ये ठिवून?" गेनबा म्हणाला. "दळ."

बियाण्याचा गहू राखेतला. तो तिनं तीनदा पाखडला, धुतला, वाळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जात्यावर बसली. पहिल्या पायलीच्या पिठाची पोळी केली. घरात पोळी झाली की पहिली म्हसोबाला. ही चाल मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, चिमाजीच्याही नाही. गेनबा पानावर पोळी घेऊन निघाला, आणि मागून चिमाजी पाण्याचा तांब्या घेऊन.

बांधाशी, बाभळीखाली, म्हसोबा नव्या शेंदरानं लाल होऊन उभा होता. गेनबा त्याच्यासमोरून थांबला नाही. तो धारेत उतरला. पाणी आता घोट्याएवढंच राहिलं होतं.

"आबा, कुठं निघालासा? द्येव हिकडं ऱ्हायला!"

म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. भेगाळलेल्या मळईतून तो वाकून चालत राहिला आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसला, गाळानं भरलेल्या त्या खड्ड्यापाशी. पान बाजूला ठेवून त्यानं दोन्ही हातांनी गाळ उपसायला सुरुवात केली. चिमाजी पोचला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत आत गेले होते.

"हे काय करतायसा?"

"हितं हुता त्यो," गेनबा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हितनं हाललाच न्हाई. म्या पाठीवर आणला त्यो सरकारचा दगूड. आन मानूस खुळं, कौल दगडाला इचारत बसलं."

चिमाजीनं तांब्या खाली ठेवला. त्याला हसावं की रडावं कळेना. गेनबानं पोळी खड्ड्याशी ठेवली, वरून पाणी सोडलं, हात जोडले. मग पुन्हा एकदा हात आत घालून तळातली मूठभर माती काढली आणि दाबली. काळा, मऊ गोळा झाला. कुठंही भेग नाही.

त्यानं तो मुलाच्या हातावर ठेवला. चिमाजीनं दाबून बघितला, पुन्हा दाबून बघितला. वर घरात जातं अजून चालू होतं.

"आता ह्ये घिऊन म्या काय करू, आबा?" चिमाजी म्हणाला.